शेळीचा ठराव

सेंदाईहून ट्रेनने खाडीपर्यंत जायचं आणि तिथून छोट्या बोटीने अर्धा तास, की एक बेट लागतं. बेटाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं फार संकोची आहेत आणि मी जे सांगणार आहे त्यात त्यांच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी शेळीपुढे कमरेत वाकलेला आहे.

त्या बेटावर आमची एक कॉटेज आहे. असं म्हटलं की पुण्यातले नातेवाईक आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतात, म्हणून लगेच सांगून टाकते. दोन खोल्या, दाराबाहेर एक ओटा, आणि दार जोरात सरकवलं तर चौकटीसकट हातात येतं. त्याआधी आम्ही टोकियोत हिगाशी-कसाईला, भारतीयांच्या वस्तीत राहायचो. तिथे खाली उतरलं की कोथिंबीर मिळायची आणि लिफ्टमध्ये मराठी ऐकू यायचं. नवऱ्याला सेंदाईच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि दोन्ही बंद झालं. त्याच्या विभागातले एक वयस्कर प्रोफेसर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला निघाले होते. इथे जुनी घरं घ्यायला कुणी तयार नसतं. त्यांनी एक दिवस चहा पिता पिता आपली कॉटेज आम्हाला देऊन टाकली. अट एकच घातली, की बेटावरच्या कॉटेजवाल्यांची जिचिकाई आहे, तिच्या मीटिंगला न चुकता जायचं. मला वाटलं, म्हाताऱ्यांची गंमत. ती गंमत नव्हती.

जिचिकाई म्हणजे आपलं आपण बघणारं मंडळ. आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच, फक्त त्यातून भांडण काढून घेतलेलं. बेटावर दुकान नाही, कचऱ्याची गाडी नाही, नगरपालिकेचं कुणी फिरकत नाही. त्यामुळे पाण्याचा पंप, धक्क्यावरचा दिवा, धक्क्यापासून वर कॉटेजपर्यंत जाणारी पायवाट, सगळं मंडळानेच सांभाळायचं. आपापला कचरा वेगवेगळा करून परतीच्या बोटीने घेऊन जायचा. सभासद बहुतेक सत्तरीच्या पुढचे, शनिवारी येणार, रविवारी जाणार. अध्यक्ष होते एक निवृत्त दातांचे डॉक्टर. उंच, सडपातळ, कायम गवती टोपी घातलेले, आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची त्यांची सवय गेलेली नव्हती. त्यांच्या शेजारच्या कॉटेजमध्ये एक बाई असायच्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही घरात त्यांना गाण्याच्या बाई म्हणायचो. त्यांना गुलाबांचं वेड होतं आणि त्या इतक्या हळू बोलायच्या की वारा असला तर त्यांचं मत कळायचंच नाही.

मीटिंग महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, जिथे पूर्वी होड्या दुरुस्त करत त्या शेडमध्ये. पहिल्या मीटिंगला नवरा बाह्या सरसावूनच गेला होता. तो कोथरूडच्या सोसायटीत वाढलेला माणूस, मीटिंग म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे पार्किंग येतं. पण तिथे काहीच होईना. डॉक्टर काहीतरी मांडायचे, सगळे माना हलवायचे, आणि मग बराच वेळ फक्त समुद्राचा आवाज. हळूहळू मला उमगलं की या लोकांत 'नाही' हा शब्दच वापरात नाही. एखादी गोष्ट नको असली की ते दातांतून हवा आत ओढतात आणि 'मुझुकाशी देस ने' म्हणतात, म्हणजे 'अवघड आहे, नाही का'. अगदीच नको असली तर 'ओमोशिरोई' म्हणतात, म्हणजे 'गमतीदार कल्पना आहे'. गमतीदार म्हणून झालं की ती कल्पना कुणी पुन्हा काढत नाही. माझं जपानी सुपरमार्केटमध्ये जेवणाचे डबे विकायचं पार्टटाइम काम करता करता पक्कं झालंय. त्यामुळे मला समोरच्याचं सगळं समजतं, पण मी बोलायला लागले की आजची काहीतरी सवलत सांगतेय असं वाटतं. म्हणून मीही मान हलवायला शिकले.

असं वर्षभर छान चाललं. मग मे महिन्यात माझे सासरे आले.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले आणि वीसेक वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी राहिलेले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्यातच थांबल्या होत्या. बाबा एकटेच तीन महिन्यांसाठी आले, आणि पहिल्या आठवड्यातच त्यांना सेंदाईत करण्यासारखं काही उरलं नाही. बस वेळेवर येते, नळाला पाणी असतं, वरच्या मजल्यावरून कुणी चादरी झटकत नाही. तक्रार करायला जागाच नसल्यामुळे ते सुकत चालले होते. बेटावर मंडळ आहे आणि त्याची मीटिंग असते हे ऐकल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

त्या मीटिंगचा विषय होता पायवाटेवरचं गवत. दर उन्हाळ्यात ते कमरेपर्यंत वाढतं, आणि सगळ्यांनी मिळून एक दिवस विळे घेऊन ते कापायचं असा नियम. पण आदल्या वर्षी गवतकापणीत अर्ध्या मंडळाची कंबर धरली होती. त्यामुळे डॉक्टरांनी विषय मांडला आणि शेडभर दातांतून हवा ओढल्याचा आवाज झाला. 

बाबांनी मला विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं, गवत वाढलंय आणि कापायला माणसं नाहीत.  कुणीच बोलत नाही हे त्यांना सहन होईना. त्यांनी उभं राहून, घसा साफ करून, शुद्ध मराठीत सांगितलं, "शेळी आणा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भाषांतर केलं. आता वाटतं, मला काहीतरी दुसरं सांगता आलं असतं, बाबा हवामानाचं कौतुक करताहेत वगैरे. पण तेवढं सुचलं नाही. शेडमध्ये एकदम चार-पाच जण म्हणाले, "ओमोशिरोई."

बाबांनी विचारलं, काय म्हणाले. नवऱ्याने शब्दाचा सरळ अर्थ घेऊन सांगितलं, "त्यांना कल्पना आवडली."

मग बाबांना कोण थांबवणार. सूचक मी, अनुमोदक कोण, असं विचारून त्यांनी स्वतःचा हात वर केला. नवऱ्याचा हात जन्माच्या सवयीने आपोआप वर गेला. मग डॉक्टरांनी हात वर केला. अध्यक्षांचा हात वर गेला म्हटल्यावर गाण्याच्या बाईंनी केला, आणि एकट्याने वेगळं दिसायला नको म्हणून पाहता पाहता सगळ्यांनी केले. ठराव एकमताने मंजूर. डॉक्टरांनी हात बोलायची परवानगी मागायला वर केला होता आणि त्यांना शेळी अजिबात नको होती, हे मला पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण झाल्या गोष्टीला त्यांचा इलाज नव्हता. मंजूर म्हणजे मंजूर.

खाडीपलीकडच्या गावात एक गृहस्थ उन्हाळ्यात गवतासाठी शेळ्या भाड्याने देतात, हे डॉक्टरांनीच शोधून काढलं. जूनच्या एका शनिवारी शेळी बोटीने आली. पांढरी, गुबगुबीत, गळ्यात घंटा. सगळं मंडळ धक्क्यावर हजर होतं आणि सगळ्यांनी तिला वाकून नमस्कार केला. डॉक्टरांनी स्वागताचे चार शब्द बोलायला टोपी काढून हातात घेतली, आणि शेळीने ती खायला घेतली. कुणी टोपी ओढली नाही. पाहुणीच्या तोंडातून वस्तू ओढायची कशी, या विचारात सगळे उभे राहिले, आणि तेवढ्यात टोपीची कड संपली.

तिला नाव काय द्यायचं यावरही विचार झाला, पण तो अवघड निघाला. शेळीला जपानीत यागी म्हणतात, म्हणून सगळे तिला यागी-सान म्हणायला लागले. इथे जसं प्रत्येकाला आडनावापुढे सान लावतात तसंच, आदराने.

यागी-सानला पायवाटेवर दावं लावून बांधलं. चहूकडे कमरेइतकं हिरवंगार गवत. ती गवताकडे बघत उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तिने एक काडी खाल्ली नाही. रविवारी सकाळी ती दावं सोडवून निघाली आणि गाण्याच्या बाईंचे दोन गुलाब, आमच्या ओट्यावरची कोथिंबीर, आणि कुणाच्या तरी खिडकीबाहेर वाळत घातलेला मोजा एवढं खाऊन परत पायवाटेवर येऊन उभी राहिली. ती कोथिंबीर मी टोकियोहून बी आणून वाढवली होती. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

डॉक्टरांनी मालकाला फोन केला. शेळी आपण नीट सांभाळू शकत नाही याबद्दल आधी पुष्कळ क्षमा मागितली आणि मग हळूच विचारलं, की ती गवत खात नाही हे बरोबर आहे का. मालक म्हणाले, अरे हो, सांगायचं राहिलं, ती आधी लहान मुलांच्या बागेत होती. तिथे दिवसभर मुलं हातातून भरवायची. जमिनीवरचं ती खात नाही. कापून हातात धरलंत तर खाईल.

हे ऐकून मला वाटलं, आता शेळी परत. पण परत पाठवायची तर तसं कुणीतरी म्हणायला हवं, आणि ते अवघड. त्याऐवजी मंडळाने पाळ्या लावल्या. शेळीला भरवायला रोज एका घरातलं कुणीतरी बेटावर असलं पाहिजे. जी माणसं महिन्यातून एकदा मीटिंगपुरती येऊन पंखा पुसून जायची, ती आता दर आठवड्याला बोटीत दिसायला लागली, हातात विळा आणि डोक्यावर टॉवेल. बाबांनी तर मुक्कामच बेटावर हलवला. त्यांच्या मते शेळी हा त्यांचा ठराव होता आणि अंमलबजावणीवर लक्ष ठेवणं त्यांचं कर्तव्य होतं. आपापल्या अंगणातलं गवत भरवायचं नाही, फक्त सामाईक पायवाटेवरचंच, हा नियम त्यांनी हातवारे करून सगळ्यांना समजावला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी स्पर्धा म्हणेन, पण त्यांच्यातल्या कुणी हे कबूल केलं नसतं. यागी-सान कुणाच्या हातचं जास्त खाते याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. गाण्याच्या बाई सकाळी दव असताना कोवळं गवत कापून त्याची पेंढी करायच्या आणि ती रिबिनीने बांधायच्या, वाढदिवसाला न्यायच्या पुष्पगुच्छासारखी. यागी-सान रिबिनीसकट खायला लागल्यावर त्यांनी रिबिनीऐवजी गवताचीच वेणी घातली. बाबांनी आपली पेंढी बँकेत नोटांची गड्डी बांधतात तशी घट्ट बांधली. ती सोडवताना शेळी वैतागायची, आणि बाबा म्हणायचे, शिस्त नाही हिला. भरवताना त्या दोघांचं बोलणंही चालायचं. बाई जपानीत, बाबा मराठीत, दोघंही अगदी हळू. काय बोलता, असं मी एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, गुलाबांबद्दल. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांच्या गुडघ्याबद्दल.

डॉक्टर मात्र दुसऱ्याच काळजीत पडले. एका रविवारी भरवता भरवता त्यांनी सवयीने यागी-सानच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच दुपारी तातडीची मीटिंग बोलावली. यागी-सानला वरचे पुढचे दात नाहीत, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. एकही नाही. आपण या बिचारीला जून महिन्यापासून कडक गवत भरवतोय. शेडमध्ये कुणी मान वर करेना. बाबांनी मला विचारलं, कोण गेलं.

डॉक्टरांनी उपायही आणला होता. साहित्य त्यांच्याकडे घरी होतं, माप घेतलं तर कवळी करता येईल. शेळी ती काढून ठेवेल का, रात्री पाण्यात कोण घालेल, या प्रश्नांवर गंभीर चर्चा झाली, आणि माप घेण्यासाठी पुढचा शनिवार ठरला. बाबांनी हात वर करून पाठिंबा दिला. ते सदाशिव पेठेत जन्मलेले, त्यांना तरी शेळीच्या दातांचं काय माहीत. आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण एवढ्या मोठ्या डॉक्टरांना दातांबद्दल आपण काय सांगणार.

शनिवारी डॉक्टर आले ते बूट घालून, कोट घालून, मापाच्या सामानाशिवाय. ते सरळ यागी-सानपाशी गेले. आठवडाभर त्यांनी वाचन केलं होतं. शेळ्यांना वरचे पुढचे दात नसतातच. कुठल्याच शेळीला नसतात. तिथे नुसती कडक हिरडी असते आणि तिच्यावर त्यांचं उत्तम भागतं. डॉक्टर शेळीपुढे कमरेत वाकले आणि आपल्या चुकीच्या निदानाबद्दल त्यांनी तिची क्षमा मागितली. यागी-सान रवंथ करत त्यांच्या टायकडे बघत होती. मी टाय वाचवला. तेवढीच माझी मंडळाला झालेली मदत.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस मी बोटीतून उतरले आणि नवऱ्याला म्हटलं, बघ. धक्क्यापासून वरपर्यंत पायवाट लख्ख होती. कडेला एक पातं उरलं नव्हतं. शेळीला भरवण्यासाठी म्हणून या लोकांनी सगळं गवत स्वतःच्या हातांनी कापून काढलं होतं, आणि रोज थोडं थोडं कापल्यामुळे कुणाची कंबरही धरली नव्हती. नवरा म्हणाला, म्हणजे शेळीने काहीच केलं नाही. मी म्हटलं, हे बाबांसमोर बोलू नकोस.

पण ते सगळ्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण पुढच्या मीटिंगचा विषय होता शेळीचा परतीचा प्रवास. बाबांचीही ती शेवटची मीटिंग, आठवड्याने त्यांचं विमान होतं. त्यांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टर म्हणाले, गवत संपलं आहे, यागी-सानने खूप कष्ट घेतले आहेत, तर आता तिला मालकांकडे विश्रांतीला पाठवावं असं वाटतं. सगळ्यांनी माना हलवल्या. हात हळूहळू वर जायला लागले.

तेव्हा गाण्याच्या बाई उभ्या राहिल्या. त्या दिवशी वारा नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "मला हे मान्य नाही."

वर गेलेले हात वरच राहिले. बाबा माझ्याकडे वळले. मी सांगितलं, "बाबा, त्या नाही म्हणाल्या."

"सरळ नाही?"

"सरळ."

बाबा खुर्चीत पुढे सरकून ताठ बसले. मी त्यांना तीन महिन्यांत इतकं खूश पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी हवा आत ओढली. बाई थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की दहा वर्षं त्या या बेटावर येताहेत आणि या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांना शेजाऱ्यांचे आवाज ओळखू यायला लागले. शेळी गेली की पुन्हा सगळे मीटिंगपुरतेच येणार. आणि बोलायलाच उभी राहिलेय तर हेही सांगते, की अध्यक्षांनी पहाटे रेडिओ लावून व्यायाम करणं मला मुळीच आवडत नाही, आणि कधीच आवडलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, की मलाही सांगायचं आहे, मला शेळी मुळात नको होती, मी हात बोलायला वर केला होता. यावर मागून कुणीतरी म्हणालं, मग तेव्हाच बोलायचं होतं. दुसरं कुणी म्हणालं, माझा मोजा गेला त्याचं काय. धक्क्यावरच्या दिव्याचा उजेड थेट आपल्या उशीवर येतो हे एका आजोबांनी सांगितलं, आणि ते हे कितीतरी वर्षं मनात ठेवून होते. पाहता पाहता सगळी शेड बोलायला लागली, एकाच वेळी, आणि मला कुणाचं भाषांतर करावं तेच कळेना. बाबांना भाषांतर नकोच होतं. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच नवऱ्याला म्हणाले, "अगदी आपल्यासारखे आहेत रे हे."

त्या गडबडीत शेवटची बोट निघून गेली. धक्क्यावरून भोंगा वाजल्याचं कुणी ऐकलं नाही. सगळ्यांचे डबे संपलेले, दुकान नाही. मग मी आमच्या कॉटेजमध्ये होते तेवढे सगळे पोहे भिजवले, कोथिंबिरीशिवाय. ती का नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मोज्याच्या मालकाने माझ्याकडे फार समजुतीने पाहिलं. पोहे खाता खाता मिटलं सगळं. थंडीत बेटावर कुणी नसतं, त्यामुळे शेळी हिवाळ्यापुरती मालकांकडे जाणार आणि वसंतात गवत उगवलं की परत येणार. रेडिओ डॉक्टरांनी दार लावून ऐकायचा. दिव्याला एका बाजूने पत्रा लावायचा. हे सगळं बाबांनी रीतसर हात वर करायला लावून मंजूर करून घेतलं. या वेळी प्रत्येक जण हात वर करण्याआधी खरंच विचार करत होता, त्यामुळे वेळ लागला.

बाबा परत गेले त्याला आता दोन वर्षं होतील. यागी-सान दर वसंतात येते, तशीच काडी न खाता उभी राहते, आणि आम्ही सगळे विळे घेऊन बोटीत बसतो. मीटिंग आता लांबतात. गाण्याच्या बाई अध्यक्ष आहेत आणि कल्पना गमतीदार आहे असं कुणी म्हटलं की त्या विचारतात, गमतीदार म्हणजे हो की नाही. बाबांना त्यांनी मानद सल्लागार केलंय. ते पुण्याहून व्हिडिओवर हजर असतात, आमची दुपार ती त्यांची जेवणाआधीची वेळ. आवाज बंद करायला ते हमखास विसरतात. परवा पंपाच्या दुरुस्तीवर डॉक्टर जोरात वाद घालत असताना पडद्यावरून कुकरची शिट्टी झाली. डॉक्टर थांबले. दुसरी झाली. सगळी शेड कान देऊन ऐकायला लागली. बाईंनी मला विचारलं, हा कसला इशारा आहे. मी म्हटलं, वरणभात झाला. त्यांनी लगेच पंपाचा विषय पुढच्या महिन्यावर टाकला, बाबांना वाकून नमस्कार केला आणि त्यांना जेवायला जायला सांगितलं.